जुन्या पिकअपमागे ट्रेलरचे दिवे आणि ब्रेक मधूनच जातात? कुठून शोधायला सुरुवात करावी

अमेरिकेत जुना हेवी ड्युटी पिकअप बाळगून ट्रेलर ओढणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. पाऊणटनी किंवा एकटनी ट्रक, म्हणजे दारावर नाहीतर मागच्या फळीवर २५०, २५००, ३५० किंवा ३५०० असा आकडा असलेला, वीस-पंचवीस वर्षांचा. इंजिन ठणठणीत असतं, गिअरबॉक्सची तक्रार नसते. पण ट्रेलर जोडला की मागचे दिवे कधी लागतात, कधी नाही. ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला ट्रकमधून वीज देणारं यंत्र, कधी ट्रेलर ओळखतो, कधी त्याला मागे काही आहे हेच माहीत नसतं.

मी शिकागोच्या उपनगरात राहतो. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशांचा बंद ट्रेलर माझ्या ट्रकला लागतो. एरवी कुणाचा कॅम्पर, कुणाची बोट, कुणाचा गवत कापायच्या यंत्राचा ट्रेलर. "जरा येऊन बघतोस का" असा फोन आला की दोष बहुतेक वेळा ठरलेल्या चार-पाच जागांपैकीच एका जागी सापडतो. तरी लोक सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. आधी नवा कंट्रोलर आणतात, मग ट्रेलरचे सगळे दिवे बदलतात, आणि शेवटी कळतं की एक स्क्रू गंजला होता. म्हणून खाली क्रम दिलाय तो फुकटातल्या तपासणीपासून खर्चिक तपासणीकडे जाणारा आहे. मधली पायरी गाळू नका.

आधी लक्षणं नीट बघा

एकाला पेडल आणि इंडिकेटर दाबायला बसवा, तुम्ही मागे उभे राहा. "दिवे लागत नाहीत" एवढ्यावर काही कळत नाही. नेमकं काय होतंय ते बघा:

- डावा इंडिकेटर लावला की दोन्ही बाजूंचे दिवे मंद लुकलुकतात, किंवा ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे विझतात. ही जवळपास नक्की अर्थिंगची, म्हणजे करंट परत जायच्या वायरीची तक्रार.
- ट्रकचे मागचे दिवे ठीक, पण ट्रेलरचे सगळे पार्किंग दिवे बंद. ब्रेक लाइट आणि इंडिकेटर मात्र चालू. फ्यूज किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच).
- एकाच बाजूचा ब्रेक लाइट ट्रकवरही नाही आणि ट्रेलरवरही नाही. दोष ट्रेलरमध्ये शोधत बसू नका.
- खड्ड्यात चाक गेलं की दिवे जातात, पुढच्या खड्ड्यात परत येतात. लूज कॉन्टॅक्ट: प्लग, अर्थिंग, किंवा फ्रेमला घासलेली वायर.
- ट्रेलर उभा असताना ब्रेक व्यवस्थित, रस्त्यावर मधूनच जातात आणि कंट्रोलरवर शॉर्टची खूण येते. ॲक्सलच्या नळीतली वायर. हे सगळ्यात त्रासदायक.
- काही मिनिटं ब्रेक चालतात, मग जातात, थोड्या वेळाने आपोआप परत येतात. कंट्रोलरच्या लाइनवरचा सर्किट ब्रेकर तापून उघडतोय.

जे दिसलं ते फोनवर टिपून ठेवा. दोन दिवसांनी दुकानात सांगायची वेळ आली तर हेच उपयोगी पडतं.

दोष ट्रकचा की ट्रेलरचा?

हे न ठरवता पान्याला हात लावू नका. शेजारच्या कुणाचा चालू ट्रक असेल तर तुमचा ट्रेलर त्याला जोडून बघा. नाहीतर त्याचा ट्रेलर तुमच्या ट्रकला. पाच मिनिटांत अर्धं काम होतं.

शेजारी मिळत नसेल तर एक साधी १२ व्होल्टची बॅटरी घ्या. ट्रेलरचा प्लग ट्रकमधून काढा, बॅटरीची ऋण बाजू प्लगच्या अर्थिंगच्या पिनेला आणि धन बाजू, मध्ये फ्यूज घालून, एकेका दिव्याच्या पिनेला लावत जा. सगळे दिवे नीट लागले तर ट्रेलर निर्दोष, ट्रककडे वळा. ट्रकसाठी आठ-दहा डॉलरचा टेस्ट लॅम्प पुरतो: एक टोक ट्रकच्या उघड्या धातूला आणि टोचणी सॉकेटच्या एकेका पातीला.

इथे वायरच्या रंगांबद्दल सावध करतो. सात पिनांच्या प्लगला दोन रंगपद्धती रूढ आहेत. साध्या मालवाहू ट्रेलरवर सहसा तपकिरी म्हणजे पार्किंग, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. कॅम्परच्या जुन्या पद्धतीत हिरवी पार्किंगची, लाल डावीकडची आणि तपकिरी उजवीकडची असते. दोन्हीत सारख्या राहतात त्या पांढरी अर्थिंगची, निळी ब्रेकची आणि बहुधा काळी चार्जिंगची. त्यातून ट्रेलर तीन मालकांच्या हातून गेलेला असेल तर रंगावर अजिबात भरवसा ठेवू नका. पिनेचं काम बघा, रंग नंतर.

अर्थिंग

पांढऱ्या वायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण दोष सगळ्यात जास्त वेळा इथेच असतो.

ट्रेलरच्या सगळ्या दिव्यांचा आणि ब्रेकचा करंट परत जातो तो एकाच वायरीने. ती गंजली की करंट दुसरी वाट शोधतो. इंडिकेटरच्या बल्बमधून निघून पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो आणि दुसऱ्या बाजूचा दिवा मंद पेटवतो. म्हणून डावा दाबला की उजवाही लुकलुकतो. हे बघून लोक म्हणतात "वायरी उलट्या लागल्या असतील" आणि चांगल्या वायरी तोडून परत जोडतात. तसं करू नका.

करंटची आणखी एक वाट म्हणजे हिचचा, ट्रकमागच्या ट्रेलर अडकवायच्या जोडणीचा, बॉल. पांढरी वायर तुटलेली असली तरी ट्रेलरचा कपलर लोखंडी बॉलवर बसलेला असतो, सेफ्टी चेन हिचला अडकवलेल्या असतात, आणि धातूला धातू लागून सर्किट कसंबसं पूर्ण होतं. बॉलवर ग्रीस आणि गंज असतो, त्यामुळे रस्त्यात प्रत्येक धक्क्याला ते तुटतं. तपासणी फुकट आहे. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना अडणी लावा, जॅकने कपलर बॉलवरून उचला, चेन सोडा, फक्त प्लग जोडलेला ठेवा आणि दिवे लावा. बॉलवर असताना पेटणारे दिवे आता विझले, तर तुमची पांढरी वायर नावापुरतीच आहे.

उलट खात्री करायची तर गाडी सुरू करायची जंपर केबल घ्या. एकच वायर वापरा: एक टोक ट्रकच्या फ्रेमवर घासून चकचकीत केलेल्या जागी, दुसरं ट्रेलरच्या फ्रेमवर तशाच जागी. सगळं एकदम ठीक झालं तर दोष सापडला. तरीही नाही झालं, तर ट्रकची स्वतःची अर्थिंग बघा. डिझेल हेवी ड्युटी ट्रकांत बहुधा दोन बॅटऱ्या असतात, आणि बॅटरीपासून इंजिन व फ्रेमकडे जाणारे पट्टे वीस हिवाळ्यांच्या मिठाने आतून पोखरलेले असतात. वरून प्लास्टिक धडधाकट दिसतं. दाबून बघा, कडक, कुरकुरीत लागलं की समजा आत हिरवी पूड आहे.

दुरुस्ती साधी. पांढरी वायर ट्रेलरच्या जिभेवर (पुढच्या दांड्यावर) जिथे स्क्रूने फ्रेमला बसवलेली असते तो स्क्रू काढा. रंग आणि गंज घासून पांढरा धातू दिसेपर्यंत जागा साफ करा. वायरीला नवा गोल टर्मिनल दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि वरून रंग किंवा ग्रीस लावून बंद करा. सेल्फ-टॅपिंग स्क्रूवर मी विश्वास ठेवत नाही. आरपार बोल्ट आणि नट घाला. एकच दिवा मंद असेल तर मुख्य वायरीला हात लावायची गरज नाही. त्या दिव्याचं स्वतःचं अर्थिंग त्याच्या बसवायच्या स्क्रूतूनच असतं, तेवढंच साफ करा.

प्लग आणि सॉकेट

ट्रकच्या बंपरखालचं सॉकेट वर्षभर पाणी, चिखल आणि मीठ खातं. बॅटरीवर फिरवून तपासलेला ट्रेलर निर्दोष निघाला तर पुढचा संशयित हाच.

झाकणाकडे आधी बघा. सात पिनांच्या सॉकेटच्या झाकणाला आतून एक दात असतो, तो प्लगच्या खाचेत बसून प्लगला धरून ठेवतो. झाकणाची स्प्रिंग मेली किंवा दात तुटला की प्लग घरी घट्ट बसतो आणि शंभर मैलांवर अर्धा बाहेर आलेला असतो. "रस्त्यातच दिवे जातात" या तक्रारीचं हे फार हसण्यासारखं आणि फार नेहमीचं कारण आहे.

मग आत टॉर्च मारा. पात्यांवर हिरवट-पांढरा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून छोट्या पितळी ब्रशने घासा. पण थांबा: बऱ्याच जुन्या ट्रकांत चार्जिंगची पिन किल्ली बंद असतानाही चालू असते. धातूचा ब्रश ती पिन आणि अर्थिंग यांच्यामध्ये टेकला की ठिणगी पडून फ्यूज जातो. घासण्याआधी त्या लाइनचा फ्यूज काढून ठेवा. साफ झाल्यावर थोडं डायलेक्ट्रिक ग्रीस लावा. ते वीज वाहून नेत नाही, पाणी आत येऊ देत नाही. म्हणून आधी सफाई, मग ग्रीस. घाणीवर ग्रीस थापून काही मिळत नाही.

थर खोल गेला असेल, पात्यांची पकड सैल झाली असेल, तर सॉकेटच बदला. फार महाग नसतं. बदलताना मागचे स्क्रू उघडून वायरींची टोकं बघा. तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्यावर नवं सॉकेट लावलं तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हेच.

ट्रेलरच्या बाजूचा प्लगही उघडा. आतले बारीक स्क्रू सैल असतात, आणि केबलला धरणारी पट्टी आवळलेली नसली तर प्रत्येक वळणावर ओढ थेट टोकांवर येते. केबल लांब असेल तर ती डांबरावर घासत जाते. खालची बाजू चपटी झालेली दिसते.

फ्यूज आणि रिले

अमेरिकी हेवी ड्युटी ट्रकांत ट्रेलरच्या पार्किंग दिव्यांसाठी बहुधा ट्रकपासून वेगळा फ्यूज असतो, बऱ्याचदा वेगळा रिलेही. चार्जिंगच्या लाइनचंही तसंच. म्हणून ट्रकचे दिवे चालू असले तरी ट्रेलरचे बंद राहू शकतात. ट्रकला दोन फ्यूज बॉक्स असतात, एक डॅशखाली आणि एक बॉनेटखाली. मालकाचं पुस्तक काढा, दोन्ही बघा.

फ्यूज डोळ्यांनी बघून ठरवू नका. वरच्या बाजूला दोन छोटी उघडी टोकं असतात, टेस्ट लॅम्प दोन्हींवर टेकवा. दोन्हीवर पेटला तर फ्यूज ठीक. एकावरच पेटला तर गेला. रिलेसाठी युक्ती अशी की त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा तसाच रिले असतो. अंगावरचा क्रमांक सारखा असेल तरच अदलाबदल करून बघा.

चार्जिंगची लाइन मेली असेल आणि ट्रक तुम्ही दुसऱ्या हाताने घेतलेला असेल, तर एक शक्यता लक्षात ठेवा. काही मॉडेलांत ती वायर कारखान्यातून टेपने गुंडाळून बॉनेटखाली सोडलेली असे, फ्यूज बॉक्सच्या बोल्टला जोडायचं काम मालकाचं. आधीच्या मालकाने कधी ट्रेलर ओढलाच नसेल तर ती अजून तशीच असेल.

फ्यूज गेला म्हणून त्याच आकड्याचा घातला आणि परत गेला, तर तिसरा घालू नका. मोठ्या आकड्याचा तर मुळीच नको. फ्यूज आपलं काम करतोय. कुठेतरी चालू वायर फ्रेमला लागलीय.

मीटर का फसवतो

इथे बरेच हुशार लोक अडकतात, म्हणून जरा थांबतो.

वायरीत सतरा-अठरा बारीक तारा असतात. त्यातल्या बाकी सगळ्या गंजून तुटल्या आणि एक उरली, तरी डिजिटल मल्टिमीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात. कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. बल्ब लावला की ती एक तार पुरत नाही आणि व्होल्टेज कोसळतं. माणूस म्हणतो, "वायरीत तर पूर्ण व्होल्टेज आहे, बल्बच खराब." मग बल्ब बदलतो, तोही लागत नाही.

म्हणून भार लावून तपासा. फिलामेंटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प हेच करतो. तो पिवळट, मंद पेटला तर वायर आजारी आहे. एलईडीचा टेस्ट लॅम्प इथे चालत नाही, तोही मीटरसारखाच अल्पाहारी. मीटरच वापरायचा असेल तर सगळे दिवे लावून, ब्रेक दाबून धरून, ट्रेलरच्या फ्रेमचा उघडा धातू आणि ट्रकच्या बॅटरीची ऋण बाजू यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ०.२ च्या आत असेल तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर वर सांगितलेलं अर्थिंगचं प्रकरण पुन्हा वाचा.

ट्रक आणि ट्रेलर दोन्हींना एलईडी दिवे बसवले असतील तर आणखी एक गंमत. जुन्या ट्रकचा उष्णतेवर चालणारा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) पुरेसा करंट नसेल तर लुकलुकतच नाही. तिथे दोष कसलाच नाही, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला.

आधीच्या मालकाचे जोड

ट्रेलरच्या फ्रेमखाली झोपून टॉर्च फिरवा. निळे, लाल प्लास्टिकचे चिमट्यासारखे जोड दिसतील, वायर न सोलता त्यात घालून पक्कडीने दाबायचे. ते वायरीचं आवरण भेदतात आणि त्याच भोकातून पाणी आत जातं. कोरड्या हवेत ते वर्षानुवर्षं चालतील. मिठाच्या रस्त्यांवर नाही. दिसला की कापा. दाबून बसवायचा बट कनेक्टर, ज्याची नळी तापवल्यावर आवळते आणि आतून डिंक सुटतो, तो वापरा.

जिथे वायर फ्रेमच्या भोकातून जाते तिथे रबरी बुशिंग आहे का बघा. नसेल तर पत्र्याची धार वायर कापत असते. वायर हाताने हलवा आणि मागे उभ्या माणसाला दिवे बघायला सांगा. खड्ड्यात येणारा दोष असा जागेवरच पकडता येतो.

एकच बाजू, ट्रकवर आणि ट्रेलरवर दोन्हीकडे

अमेरिकी ट्रकांत बहुधा मागचा ब्रेक लाइट आणि इंडिकेटर हा एकच लाल दिवा असतो. त्यामुळे जुन्या गाड्यांत ब्रेक लाइटचा करंट स्टिअरिंगच्या दांडीवरच्या इंडिकेटरच्या स्विचमधून फिरून मागे जातो. स्विच झिजला की एका बाजूचा ब्रेक लाइट दोन्ही ठिकाणी जातो. दांडी किंचित वरखाली केल्यावर दिवा आला तर निदान पक्कं. बदलायचं काम मात्र एअरबॅगजवळचं असतं, त्याबद्दल शेवटी.

ट्रेलरचे ब्रेक

दिव्यांशिवाय निघालात तर पोलीस थांबवतील. गावाकडे उसाच्या ट्रॉल्या अंधारात विनादिव्यांच्या जातात, ती सवय इथे आणू नये, पण निदान दिवसा घरापर्यंत सावकाश येता येतं. ब्रेकचं तसं नाही. बहुतेक राज्यांत साधारण ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी ७,००० पौंडांचा ट्रेलर मागून ढकलत असताना ट्रकचे एकटे ब्रेक उतारावर पुरत नाहीत.

कंट्रोलरला चार वायरी असतात: काळी बॅटरीकडून, पांढरी अर्थिंगची, लाल ब्रेक पेडलच्या स्विचकडून, निळी ट्रेलरकडे. फोर्डने २००५ च्या सुपर ड्युटीपासून कंट्रोलर कारखान्यातच बसवून द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या ट्रकांत तो नंतर कुणीतरी बसवलेला असतो, आणि त्या कुणीतरीचं काम बघण्यासारखं असतं. काळ्या वायरीवर सर्किट ब्रेकर असतो, चार चाकांच्या ब्रेकला साधारण २० अँपियरचा आणि सहाला ३० चा. चार चाकांना चुकून छोटा लावलेला असेल, किंवा वायर बारीक असेल, तर तो तापून उघडतो आणि थंड झाला की परत जोडतो. वरच्या यादीतलं शेवटचं लक्षण ते हेच.

ट्रेलरच्या चाकातला ब्रेक विजेवर चालतो तो असा: ड्रमच्या आत एक मॅग्नेट असतो, त्याला करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमला चिकटून एक दांडा ओढतो आणि ब्रेकचे शू उघडून ड्रमला आतून घासतात. साडेतीन हजार पौंडी ॲक्सलच्या नेहमीच्या १० इंची ब्रेकचा मॅग्नेट ३ ते ४ अँपियर घेतो. म्हणजे दोन ॲक्सलच्या ट्रेलरला १२ ते १६. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर निळ्या वायरीभोवती लावून कंट्रोलरचा हाताचा दांडा पूर्ण सरकवा. त्याहून स्पष्ट कमी आला तर एखादा मॅग्नेट किंवा त्याचा जोड मेलाय. जास्त आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. कोणतं चाक ते शोधायला एक साधं होकायंत्र चाकाच्या आतल्या बाजूला धरा आणि दुसऱ्याला दांडा दाबायला सांगा. जिथे सुई हलत नाही तिथला मॅग्नेट मेलेला.

आता ती ॲक्सलची नळी. बऱ्याच ट्रेलरांत एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारी ब्रेकची वायर पोकळ ॲक्सलच्या आतून घातलेली असते. आत ती मोकळीच पडलेली असते. चालताना हलते, लोखंडाला घासते, आवरण जातं. उभ्या ट्रेलरवर सगळं बरोबर मोजतं, रस्त्यावर शॉर्ट होतं. ती जुनी वायर काढत बसू नका. दोन्ही टोकं कापून तिथेच सोडून द्या आणि नवी वायर ॲक्सलच्या बाहेरून, आवरणाच्या नळीत घालून, पट्ट्यांनी बांधून न्या. मॅग्नेटच्या दोन वायरींत धन-ऋण असं काही नसतं, कोणतीही कुठेही लावा.

वीज सगळी बरोबर आणि तरी ब्रेक लागत नाहीत? मग शू सैल आहेत. ट्रेलरच्या ब्रेकचं समायोजन अनेक ठिकाणी हातानेच करावं लागतं आणि ते कुणी करत नाही. चाक उचलायचं ते फ्रेमला जॅक लावून, ॲक्सलला नाही, आणि खाली स्टँड ठेवून. मागच्या पत्र्याच्या खाचेतून दातेरी चाक फिरवत जा, चाक हाताने फिरवणं फार जड होईपर्यंत. मग उलट फिरवा, शू अगदी हलकेच घासतायत असा आवाज राहीपर्यंत. ड्रम काढलाच तर बघून घ्या: शूवर ग्रीस आलंय का, मॅग्नेटचा चेहरा एकसारखा झिजलाय का. ग्रीस मुरलेले शू पेट्रोलने धुवून परत लावणारे लोक आहेत. धुवून जात नाही, नवे घाला.

राहिला ब्रेकअवे. ट्रेलर सुटला तर पिन ओढली जाऊन जिभेवरची छोटी बॅटरी ब्रेक लावते. व्यावसायिक ट्रेलरांसाठी केंद्रीय नियम असा की ते ब्रेक किमान १५ मिनिटं धरून राहिले पाहिजेत. तपासताना प्लग ट्रकमधून काढा आणि मगच पिन ओढा, नाहीतर ती वीज उलटी जाऊन कंट्रोलर जाळू शकते. पिन ओढून ट्रक ट्रेलरला जोडलेल्या अवस्थेत सावकाश पुढे घ्या. चाकं अडली पाहिजेत. अडली नाहीत तर आधी ती बॅटरी बदला.

कुठे थांबायचं

खालीलपैकी काही दिसलं तर हत्यारं खाली ठेवा:

- वायरीचं आवरण वितळलंय, जळका वास येतोय, किंवा फ्यूज बॉक्सचं प्लास्टिक तपकिरी झालंय. बॅटरी सोडवा. टेप गुंडाळून गाडी चालवू नका.
- त्याच आकड्याचा नवा फ्यूज लगेच जातो आणि प्लग काढलेला असतानाही जातो. शॉर्ट ट्रकच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात आहे. डॅश उघडायची ही वेळ नव्हे, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या.
- इंडिकेटरचा स्विच. स्टिअरिंगजवळ एअरबॅग आहे आणि ती चुकून सुटली तर हाड मोडते.
- ट्रकचं एबीएस किंवा ब्रेकचं लाल चिन्ह पेटलंय, पेडल मऊ झालंय. त्याचा ट्रेलरच्या वायरीशी संबंध असो-नसो, त्या ट्रकने काही ओढायचं नाही.
- ट्रेलरचा ड्रम तडकलाय, चाक उचलल्यावर खुळखुळतंय, किंवा एक हब बाकीच्यांपेक्षा फार तापतोय. बेअरिंगचं काम ट्रेलरच्या दुकानाकडे.
- मॅग्नेटऐवजी विजेवर चालणाऱ्या हायड्रॉलिक पंपाचे ब्रेक असतील. ती वेगळी विद्या आहे.
- सगळं करून झालं, दोष रस्त्यावरच येतो आणि उभ्या ट्रेलरवर सापडत नाही, आणि शनिवारी निघायचंय. ट्रेलर घरी ठेवा, भाड्याने ट्रक घ्या.

दुकानात देताना "ट्रेलरचे दिवे बघा" असं सांगू नका. तासावर पैसे मोजताना तुम्ही केलेल्या तपासण्या त्यांना पुन्हा करायला लावू नका. कागदावर लिहून द्या: दोष ट्रकमध्ये की ट्रेलरमध्ये, कोणत्या पिनेवर, भार लावल्यावर किती व्होल्ट, क्लॅम्प मीटरवर किती अँपियर, आणि काय काय बदलून झालंय. ट्रेलर जोडलेलाच घेऊन जा, सुटा नाही, आणि तुमचाच ट्रक जोडून न्या. तिथल्या चालू ट्रकला लावून "सगळं ठीक आहे" म्हणून परत पाठवण्याची सोय राहत नाही.